शेतावरील जोडपेटी : निवड, जोडणी आणि निगा

शेतमालाच्या साठवणीचा विचार आपल्याकडे फार पूर्वीपासून झालेला आहे. ज्वारीसाठी पेव, घरातील धान्यासाठी बळद व कणगी, कडब्यासाठी गंजी, कांद्यासाठी चाळ, अशी प्रत्येक मालाची जागा ठरलेली असे. अवजारांसाठी मात्र वेगळी जागा करण्याची गरज कधी फारशी भासली नाही. नांगर, कुळव, पाभर ही अवजारे लाकडाची व लोखंडाची, आकाराने मोठी आणि चार पावसांना दाद न देणारी. ती गोठ्यात टेकवून अथवा झाडाखाली ठेवून वर्षानुवर्षे निभावत आली.

आता शेतीच्या साहित्याचे स्वरूप पालटले आहे. ठिबक संचाच्या नळ्या व तोट्या, गाळणीच्या जाळ्या, तुषार सिंचनाचे नोझल, फवारणीचा पंप, ताडपत्री, विद्युत पंपाचे सुटे भाग हे सारे साहित्य लहान, किमतीचे आणि नाजूक आहे. ते लागते विहिरीपाशी आणि ठेवावे लागते घरात. रोजची ने-आण टाळण्यासाठी ते बांधावर ठेवले, तर उंदीर व खारी नळ्या कुरतडतात, उन्हाने रबरी चकत्या तडकतात आणि चिखलाने नोझलची छिद्रे बुजतात. घरात ठेवावे, तर फवारणीचा पंप धान्याच्या पोत्याशेजारी येतो आणि औषधाच्या बाटल्या मुलांच्या हाताशी येतात. पहिल्या प्रकारातील नुकसान पैशात मोजता येते. दुसऱ्या प्रकारातील मोजता येत नाही.

या अडचणीवर शेतातच ठेवावयाची प्लॅस्टिकची पेटी हा एक सोपा उपाय आहे. सुट्या फळ्या आणून जागेवर जोडता येणाऱ्या या पेटीस येथे जोडपेटी म्हटले आहे. ती निवडताना, गावच्या गटासाठी एकत्रित खरेदी करताना किंवा एखाद्या स्थानिक कारखानदाराकडून करवून घेताना तिच्या रचनेतील मर्म ठाऊक असणे अगत्याचे आहे. ते मर्म थोडक्यात असे की, जी पेटी जोडावयास सोपी, तीच बहुधा अधिक टिकते. हे कसे, ते पुढील विवेचनावरून ध्यानात येईल.

सुट्या फळ्यांचा लाभ

छपरावरील पाण्याची काळी टाकी सर्वांच्या परिचयाची आहे. ती एकसंध ओतीव असते. पाण्यासाठी एकसंधपणा हवाच. परंतु अशा टाक्या गाडीत भरल्या म्हणजे भाडे मुख्यतः आतल्या पोकळीचे पडते. १.२ मीटर लांब, ०.६ मीटर रुंद व ०.६ मीटर उंच अशी पेटी घेतली, तर ती सुमारे ०.४३ घनमीटर जागा व्यापते. तिच्याच चार बाजू, तळ व झाकण अशा सहा फळ्या अडीच सेंटिमीटर जाडीच्या धरून एकावर एक रचल्या, तर त्या केवळ ०.०९ घनमीटर, म्हणजे जवळजवळ पाचव्या हिश्श्याच्या जागेत मावतात. जेथे एक पेटी गेली असती, तेथे चार ते पाच जातात. पाऊलवाटेने शेतापर्यंत नेण्यास फळ्या डोक्यावर अथवा बैलगाडीत सहज घेता येतात. शिवाय एखादी फळी फुटल्यास तेवढीच बदलता येते. सारी पेटी टाकून द्यावी लागत नाही.

लाकडी पेटीला वाळवी लागते आणि पत्र्याची पेटी खताच्या व ओलाव्याच्या सान्निध्यात गंजते. प्लॅस्टिकला ही दोन्ही भये नाहीत. तथापि त्याची स्वतःची तीन वैगुण्ये आहेत आणि रचनाकाराची खरी परीक्षा तेथेच होते.

प्लॅस्टिकचा स्वभाव

पहिले वैगुण्य उन्हाचे. अशा पेट्यांसाठी बहुतकरून दाट पॉलिएथिलीन, म्हणजे ज्यास बाजारात एच.डी.पी.ई. म्हणतात ते, अथवा पॉलिप्रॉपिलीन वापरतात. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांमुळे या दोहोंतील लांब रासायनिक साखळ्या तुटू लागतात. पृष्ठभाग पांढुरका व भुरभुरीत होतो आणि अखेर फळी धक्क्याने तडकते. पॉलिप्रॉपिलीन या बाबतीत अधिक हळवे आहे. यावरील जुना व खात्रीचा उपाय म्हणजे काजळीची अतिशय बारीक पूड मिसळणे. पाण्याच्या एच.डी.पी.ई. पाइपांत शेकडा अडीचच्या आसपास काजळी घालण्याचा भारतीय मानकाचा दंडक आहे. पाइप व टाक्या काळ्या दिसतात त्या याच कारणाने. इतर रंगाची पेटी घ्यावयाची असल्यास तिच्यात अतिनील किरणांपासून संरक्षण देणारे द्रव्य मिसळलेले आहे, असे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे.

दुसरे वैगुण्य उष्णतेने वाढण्याचे. तापमानात ४० अंशांचा फरक पडला असता १.२ मीटर लांबीची लोखंडी पट्टी अर्ध्या मिलिमीटरहून किंचित अधिक वाढते. तेवढ्याच लांबीची पॉलिएथिलीनची फळी ५ ते ७ मिलिमीटर वाढते, म्हणजे सुमारे दसपट. पौषातील पहाट आणि वैशाखातील दुपार यांत काळ्या फळीच्या तापमानात एवढा फरक सहज पडतो. ही वाढ सामावण्यास जागा ठेवली नाही, तर फळी कमानीसारखी वाकते, स्क्रूभोवती चिरते आणि झाकण बसेनासे होते.

तिसरे वैगुण्य लवचिकपणाचे. या प्लॅस्टिकचा ताठपणा पोलादाच्या सुमारे दोनशेव्या हिश्श्याइतका असतो. त्यातही सततच्या भाराखाली ते हळूहळू झोल धरते आणि भार काढला तरी पूर्ववत होत नाही. यावर उपाय अधिक माल घालण्याचा नसून आकाराचा आहे. फळीची जाडी दुप्पट झाली म्हणजे तिचा वाकण्यास होणारा विरोध आठपट होतो. म्हणून दोन पातळ पापुद्रे, त्यांमध्ये पोकळी आणि त्यांस जोडणारे कणे अशी रचना उत्तम. पातळ पत्र्यास पन्हळीमुळे बळ येते, त्यातलाच हा प्रकार होय. झाकणावर माणूस बसणारच, हे गृहीत धरून त्याच्या खालच्या बाजूस असे कणे असावेत.

सांधा कसा असावा

नवशिक्या रचनाकारास वाटते की, पेटी मजबूत व्हावी म्हणून प्रत्येक सांधा घट्ट आवळावा. लाकडाच्या बाबतीत ते ठीक. प्लॅस्टिकच्या बाबतीत तेच घातक ठरते. येथे फळीला सरकण्यापुरती मोकळीक हवी, परंतु निसटू देता कामा नये. त्यासाठी एका फळीच्या कडेस आतून रुंद व तोंडाशी अरुंद अशी उभी खाच आणि दुसरीच्या कडेस तिच्यात वरून सरकणारी तशीच जीभ ठेवतात. फळी वरून खाली सरकविली की बसते. बाजूने ओढली तरी सुटत नाही. स्क्रू वापरावाच लागला, तर त्याचे भोक गोल न ठेवता लांबट ठेवावे आणि स्क्रू पूर्ण आवळल्यानंतर पाव फेरा सैल करावा.

येथेच सुलभ जोडणी व टिकाऊपणा यांचा मेळ बसतो. जी मोकळीक उन्हाळ्यातील वाढीसाठी ठेवावयाची, तिच्यामुळेच सवय नसलेल्या हातालाही फळी सहज बसविता येते. पेटीस ठोकून ठोकून जोडावे लागत असेल, तर ती पहिल्या उन्हाळ्यात वाकणार, असे समजावे.

भाग जितके कमी तितके बरे. अमेरिकेतील बूथ्रॉइड व ड्यूहर्स्ट या अभियंत्यांनी यंत्रांच्या जोडणीचा अभ्यास करून प्रत्येक भागाविषयी तीन प्रश्न विचारण्याची पद्धत प्रचारात आणली. हा भाग शेजारच्या भागाच्या तुलनेने हलतो काय? तो वेगळ्याच पदार्थाचा असणे आवश्यक आहे काय? तो वेगळा न ठेवल्यास इतर भाग जोडणे अथवा उकलणे अशक्य होते काय? तिन्ही प्रश्नांचे उत्तर नकारार्थी आल्यास तो भाग शेजारच्या भागातच सामावून घ्यावा. या कसोटीने पाहिल्यास जोडपेटीस सहा फळ्या, दोन बिजागऱ्यांच्या खुंट्या व एक कडी-कोयंडा यांहून फारसे काही लागू नये. मूठभर स्क्रूंची पुडी बरोबर येत असेल, तर पहिल्या वर्षीच त्यातील काही चिखलात हरवणार, हे निश्चित.

समोरासमोरच्या फळ्या एकसारख्या असाव्यात, म्हणजे कोणतीही कोठेही चालते. जी फळी एकाच बाजूने बसावयास हवी, तिची कड मुद्दाम इतकी वेगळी ठेवावी की उलटी बसूच नये. कागदी सूचनापत्रक पहिल्याच पावसात नाहीसे होते. म्हणून जोडणीचा क्रम फळ्यांवरच उठावदार अंकांनी कोरलेला असावा.

पाऊस, वारा आणि बैठक

सांधे सैल ठेवावयाचे, तर पाणी आत येणार नाही काय, अशी शंका साहजिकच येते. कौलारू घराकडे पाहिले की तिचे उत्तर मिळते. कौले एकमेकांस चिकटविलेली नसतात. ती एकमेकांवर चढविलेली असतात. पेटीचे झाकण चारही बाजूंनी तीन सेंटिमीटर तरी बाहेर व खाली उतरलेले असावे, म्हणजे पागोळी भिंतीपासून दूर पडते. झाकणास मागून पुढे तीन-चार सेंटिमीटर उतार असावा. तळाच्या फळीस कोपऱ्यात लहान छिद्रे असावीत. आत आलेला ओलावा बाहेर जाण्यासाठी झाकणाच्या वळचणीखाली हवेची भोके अवश्य हवीत. अन्यथा रात्रीच्या गारव्याने आतल्या बाफेचे पाणी होते आणि बंद पेटीतील लोखंड उघड्यावरच्या लोखंडाआधी गंजते. ही भोके सहा मिलिमीटरहून मोठी नसावीत आणि त्यांवर धातूची जाळी असावी, म्हणजे उंदरांची पिल्लेही आत शिरत नाहीत. उंदीर गुळगुळीत सपाटीवर दात रोवू शकत नाही. तो कड शोधतो. म्हणून तळाशी उघडी कड ठेवू नये.

वाऱ्याचा विचार बहुधा राहून जातो. फळीच्या दोन्ही पापुद्र्यांची मिळून चार मिलिमीटर जाडी धरल्यास वरील मापाच्या रिकाम्या पेटीचे वजन सुमारे चौदा किलो भरते. ताशी ७२ किलोमीटर वेगाचा वारा प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे २४ किलो रेटा देतो. म्हणजे पेटीच्या लांब बाजूवर सतरा किलोंहून अधिक रेटा येतो. वळवाच्या वादळात रिकामी पेटी कलंडते, हे यावरून स्पष्ट आहे. तळाशी विटा अथवा वाळूची पोती ठेवावीत, किंवा बैठकीस बोल्टने जखडावी. उघडे झाकण वाऱ्याने उपटू नये म्हणून त्यास साखळी असावी.

बैठक जमिनीपासून वीतभर उंच, विटांची व सपाट असावी. बैठक एका कोपऱ्यात खचली की पेटी पिळवटते आणि झाकण लागेनासे होते. तेव्हा पेटीस दोष देण्यापूर्वी बैठक पाहावी.

जोडणीचा क्रम

जोडणी सकाळच्या थंड वेळी करावी. दुपारी फळ्या वाढलेल्या असतात आणि त्या वेळी बसविलेले सांधे रात्री उघडे पडतात. प्रथम तळाची फळी बैठकीवर ठेवून पाण्याच्या नळीने अथवा पातळीने समतल पाहावी. मग मागची फळी, दोन्ही आखूड बाजू आणि शेवटी पुढची फळी याप्रमाणे खाचेतून सरकवाव्यात. हातोडा वापरू नये. अडल्यास फळी काढून खाचेतील माती पुसावी. झाकण लावण्यापूर्वी वरच्या तोंडाचे दोन्ही कर्ण दोरीने मोजावे. वरील मापाच्या पेटीत ते प्रत्येकी १३४ सेंटिमीटर आले म्हणजे चौकट काटकोनात आहे. एक कर्ण अधिक भरल्यास त्या दोन कोपऱ्यांवर हाताने दाब देऊन चौकट सरळ करावी आणि मगच झाकण बसवावे.

दुरुस्तीविषयी एक सूचना महत्त्वाची आहे. पॉलिएथिलीन व पॉलिप्रॉपिलीन यांस नेहमीचा डिंक किंवा पी.व्ही.सी. पाइपाचे सोल्युशन धरत नाही. एच.डी.पी.ई. पाइप ज्याप्रमाणे तव्यावर तापवून जोडतात, त्याचप्रमाणे तडकलेली फळीही उष्णतेनेच सांधावी लागते. हे काम पाइप जोडणाऱ्या कारागिराकडून करून घ्यावे.

पेटीत काय ठेवावे, काय ठेवू नये

नळ्यांची वेटोळी, तोट्या, नोझल, ताडपत्री, दोर, खुरपी व विळे यांसाठी ही पेटी योग्य आहे. बियाणे मात्र तिच्यात ठेवू नये. बियाण्याच्या साठवणीचा ढोबळ नियम असा आहे की, तापमान पाच अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य निम्म्यावर येते. उन्हातील बंद पेटीत उगवणशक्ती किती झपाट्याने घटत असेल, हे त्यावरून समजावे. रायझोबियमसारखी जिवाणू खतेही अशा उष्णतेत निकामी होतात. रासायनिक खत लोखंडी साहित्याबरोबर ठेवू नये. ते ओल धरते व लोखंड खाते. पेट्रोल वा डिझेल आत ठेवू नये आणि पाचट जाळताना पेटीपासून दूर राहावे, कारण हे प्लॅस्टिक सहज पेट घेते.

मोठ्या पेटीत लहान मूल लपून बसू शकते. अमेरिकेत बंद शीतपेटीत मुले गुदमरून दगावल्यामुळे १९५६ साली त्या पेट्या आतून उघडता आल्या पाहिजेत, असा कायदा करावा लागला. म्हणून झाकण पडताच आपोआप अडकणारी कडी घेऊ नये, हवेची भोके बुजवू नयेत आणि काम झाल्यावर कुलूप लावण्याचा परिपाठ ठेवावा. पावसाळ्यात विंचू व साप कोरड्या जागेचा आसरा घेतात. पेटीत हात घालण्यापूर्वी आत नीट पाहावे.

औषधांसाठी निराळी पेटी

कीटकनाशके या मोठ्या पेटीत ठेवू नयेत. त्यांच्यासाठी लहान, सावलीत ठेवलेली, कुलपाची आणि तळाशी न गळणारी परात असलेली निराळी पेटी असावी. औषध मूळ बाटलीतच राहावे, म्हणजे लेबलावरील रंगीत चौकोन कायम दिसतो. त्यातील तांबडा रंग सर्वाधिक विषारी औषधाचा; त्यानंतर पिवळा, निळा व हिरवा असा विषारीपणाचा उतरता क्रम असतो.

परंतु पेटी मिळाली म्हणजे धोका टळला, असे मानणे चुकीचे ठरेल. श्रीलंकेच्या ग्रामीण भागात १८० गावांमध्ये याविषयी एक मोठा प्रयोग झाला. त्यांपैकी निम्म्या गावांतील शेतकरी कुटुंबांना औषधे ठेवण्यासाठी कुलपाच्या पेट्या देण्यात आल्या आणि उरलेल्या गावांशी त्यांची तुलना करण्यात आली. २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पेट्यांमुळे कीटकनाशक पिऊन जीव देण्याचे प्रयत्न कमी झाल्याचे त्यात आढळले नाही. त्याच देशात अतिविषारी औषधांवर टप्प्याटप्प्याने बंदी आल्यानंतर मात्र अशा मृत्यूंचे प्रमाण पुष्कळ घटले. कुलपाची किल्ली घरातच असते, हे येथे विसरता येत नाही. म्हणून घरात औषधाचा साठाच न करणे, गरजेपुरतेच आणणे आणि त्यातही कमी विषारी औषध निवडणे, हा पहिला उपाय. लहान मुले व जनावरे यांना दूर ठेवण्यासाठी पेटी हवीच. तिचे स्थान दुसरे आहे. घरातील कोणी माणूस खचलेला, अबोल झालेला दिसल्यास औषधे काही दिवस घराबाहेर हलवावीत, त्या माणसास एकटे सोडू नये आणि विनासंकोच प्राथमिक आरोग्य केंद्राचे साहाय्य घ्यावे.

कार्यकर्त्यांसाठी कसोट्या

गावात पेट्यांची खरेदी व्हावयाची असल्यास ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी एक नमुना आधी मागवावा आणि चार साध्या कसोट्या लावाव्यात. फळीच्या मागील त्रिकोणातील अंक पाहावा. २ हा अंक दाट पॉलिएथिलीनचा, ५ पॉलिप्रॉपिलीनचा आणि ३ पी.व्ही.सी.चा असतो. फळीचा एक कपचा पाण्यात टाकावा. पॉलिएथिलीन व पॉलिप्रॉपिलीन तरंगतात, पी.व्ही.सी. बुडते, आणि खडूची भुकटी भरमसाट मिसळलेला मालही बुडतो. जोडलेल्या पेटीच्या झाकणावर एका प्रौढ माणसास बसवावे आणि उठल्यावर झाकण पूर्ववत होते की नाही, हे पाहावे. शेवटची कसोटी सर्वांत मोलाची आहे. ज्याने ही पेटी पूर्वी पाहिलेली नाही, अशा शेतकऱ्यास सुट्या फळ्या देऊन काहीही न सांगता ती जोडावयास लावावी. तो कोठे अडखळतो, कोणती फळी उलटी धरतो, कोठे हातोडा मागतो, याची नोंद कारखानदारास कळवावी.

कार्यकर्त्याने स्वतः पुढे होऊन फळी बसवून देण्याचा मोह अशा वेळी आवरावा. तो निघून गेल्यावर पेटी शेतकऱ्यालाच उकलावयाची आहे, धुवावयाची आहे आणि दुसऱ्या वावरात नेऊन पुन्हा उभी करावयाची आहे. ते काम ज्या पेटीत त्याला एकट्याने जमते, तीच पेटी गावाने घ्यावी.